घरात कुणाला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू झाली, तर काय बघायचं, काय विचारायचं

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डॉक्टर, गोळ्या नकोत, एक सुईच मारा, लवकर गुण येऊ दे." पंचवटीत ऐकू येतं, सिडकोत येतं, आणि पेठ-सुरगाण्याहून आलेला माणूस तर ते आवर्जून म्हणतो, कारण औषध बदलायला पुन्हा एवढ्या लांब येणं त्याला परवडत नाही. त्याची अडचण खरी आहे. समजूत मात्र चुकीची आहे. इंजेक्शन म्हणजे गोळीपेक्षा वरच्या दर्जाचं औषध नव्हे. औषध पोटातून न जाता थेट रक्तात किंवा स्नायूत जावं, एवढ्यासाठी निवडलेली ती एक वाट आहे.

मी परिचारिका आहे. वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता लोकांच्या घरी जाऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे इंजेक्शनं देते. या कामात एक गोष्ट पक्की कळली: शिरेतून गेलेलं औषध परत बाहेर काढता येत नाही. त्यामुळे जी काही खबरदारी घ्यायची, ती सुई टोचण्याच्या आधी. टोचण्याचं काम शिकलेल्या माणसाचं, ते घरच्यांनी करू नये. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं बरंच काही घरच्यांच्याच हातात असतं.

इंजेक्शनच का, हे विचारून घ्या

"याला गोळी चालणार नाही का?" हा प्रश्न डॉक्टरांचा अपमान नाही. उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं. पेशंटला उलट्या होताहेत किंवा तो शुद्धीवर नाही, म्हणून तोंडाने औषध देता येत नाही. किंवा संसर्गच असा आहे की रक्तात औषध भरपूर आणि ताबडतोब पोचायला हवं: मेंदूज्वर, रक्तात पसरलेला संसर्ग, हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग. किंवा ते औषध तोंडाने मिळतच नाही. सेफ्ट्रियाक्सोन, अमिकासिन, मेरोपेनेम ही गोळीच्या रूपात येत नाहीत.

यातलं काहीच नसेल, पेशंट जेवतोखातो, ताप आहे पण चालतोफिरतो, तर बऱ्याचदा गोळ्या पुरतात. सर्दी, फ्लू, डेंगी यांवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, कारण ते विषाणूंचे आजार आहेत. डेंगीत प्लेटलेट्स खाली गेलेल्या असताना कंबरेत कुठलंही इंजेक्शन घेतलं, तर स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ येऊ शकते. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात ताप आला की आधी तपासणी, मग सुई.

टायफॉइडचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे टायफॉइडच्या रक्ततपासणीचा 'विडाल पॉझिटिव्ह' एवढा एक कागद बघून सलाइनं चढतात. एकदाच केलेली विडाल टेस्ट भरवशाची नसते. आधी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच एखादा संसर्ग असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), आणि त्याचं रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यावं लागतं. डोस गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू बऱ्याचदा वाढत नाहीत, आणि मग नेमकं कुठलं औषध लागू पडेल हे कळायची संधी गेली. रिपोर्टला दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात. पेशंट गंभीर असेल तर रक्त काढून लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी

ओपीडीत गर्दी असते. त्यामुळे हे आपणच सांगायचं, शक्यतो कागदावर लिहून न्यायचं.

आधी कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का? इथे "हो, पेनिसिलिन चालत नाही" एवढं पुरत नाही. नेमकं काय झालं होतं ते सांगा. अंगावर गांधी उठल्या? ओठ-डोळे सुजले? श्वास लागला, चक्कर येऊन पडले? की नुसती मळमळ झाली? मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण डोस गेल्यावर काही मिनिटांत घसा आवळून श्वास कोंडला असेल, तर ती मोठी खूण आहे. पेनिसिलिनची अशी तीव्र रिॲक्शन आलेल्यांना त्याच्या चुलत घराण्यातलं, म्हणजे 'सेफ' ने सुरू होणारं औषध द्यायचं की नाही, याचा विचार डॉक्टरांना करावा लागतो. सेफ्ट्रियाक्सोनसारख्या तिसऱ्या पिढीतल्या औषधांत धोका कमी असतो, पण शून्य नसतो.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शेवटचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं काम करतंय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बरोबर न्या. अमिकासिन, जेंटामायसिन ही मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकणारी औषधं. त्यांचा डोस वजनावर आणि क्रिएटिनिनवर ठरतो. आजी-आजोबांना आधीच कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा, कारण कानाची ही इजा बहुतेक वेळा भरून येत नाही. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा.

बाळ एक महिन्याच्या आतलं असेल तर जास्तच जपा. कॅल्शियम असलेलं सलाइन चालू असलेल्या नवजात बाळाला सेफ्ट्रियाक्सोन देत नाहीत. दोन्ही मिळून रक्तात खडे धरतात, ते फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत अडकतात आणि त्याने बाळं दगावलेली आहेत. काविळीच्या बाळालाही ते टाळतात. हे डॉक्टरांना माहीत असतंच. पण बाळाला एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवताना आधी काय काय दिलं गेलं, हे सांगणारं तिथे आई-बापांशिवाय कुणी नसतं. म्हणून आधीचा केसपेपर हातात ठेवा.

चिठ्ठी आणि मेडिकल

चिठ्ठीवर औषधाचं नाव, ताकद, किती तासांनी, किती दिवस आणि शिरेतून की स्नायूत, एवढं स्पष्ट हवं. 'रोज दोन इंजेक्शन' असं तोंडी सांगितलं असेल तर लिहून मागा. सेफ्ट्रियाक्सोन, सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम, सेफोपेराझोन ही नावं घाईत वाचली की एकसारखी दिसतात. औषधं मात्र वेगवेगळी आहेत.

मेडिकलमध्ये एक प्रकार फार चालतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम. काउंटरवरचा मुलगा व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, देतो १.५ ग्रॅमची आणि म्हणतो, "त्यातलंच आहे, जरा पॉवरफुल." ते त्यातलंच नाही. दीड ग्रॅममध्ये १ ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोन आणि अर्धा ग्रॅम सल्बॅक्टम नावाचं दुसरं औषध असतं. १.१२५ ग्रॅम असेल तर सोबत टॅझोबॅक्टम. डॉक्टरांनी ते लिहिलं असेल तर ठीक. नसेल तर जास्त पैसे मोजून नको ते औषध शरीरात घालण्यात शहाणपण नाही. फोन करून विचारा, नाहीतर दुसऱ्या मेडिकलला जा.

ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे दुकानदाराला डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. खोक्यावर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो. म्हणून दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर वैतागू नका. चिठ्ठी न बघता एखादा सहज देत असेल, तर त्या दुकानापासून लांब राहिलेलं बरं.

बिल घ्याच, आणि त्यावर बॅच नंबर आहे का बघा. व्हायलवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख त्याच्याशी ताडून पाहा. टोपीचं सील शाबूत हवं. आतली पावडर मोकळी हवी, ओल लागून गोळा झालेली नको. सोबत पावडर कालवायच्या पाण्याची अँप्यूल (छोटी बंद कुपी) आहे का, की वेगळी घ्यायची, ते तिथेच विचारून घ्या. आणि उन्हाळ्यात एवढं करा: मेनरोडवरून औषध घेऊन गाडीच्या डिकीत टाकलं, मग भाजी घेतली, मग शालिमारला कुणी भेटलं, असं नको. एप्रिल-मेच्या उन्हात बंद डिकी तापते. पिशवी हातात धरा, थेट घरी या.

पहिला डोस घरी नको

याबाबतीत मी हट्टी आहे. रिॲक्शन यायची असेल तर ती कुठल्याही डोसला येऊ शकते, तरी पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, जिथे डॉक्टर, ऑक्सिजन आणि ॲड्रेनालिन, म्हणजे तीव्र रिॲक्शनवरचं औषध, आहे. "ॲड्रेनालिन आहे ना?" असं विचारायला लाजू नका. घरी येणाऱ्या सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या पिशवीतही ते असायला हवं. माझ्या पिशवीत असतं, आणि दर महिन्याला मी त्याची मुदत तपासते.

टेस्ट डोसबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. हातावर थोडंसं टोचून पंधरा-वीस मिनिटं बघतात, फोड आला नाही की सगळे निर्धास्त. 'सेफ' घराण्यातल्या औषधांसाठी ही टेस्ट विश्वासार्ह नाही. काही झालं नाही म्हणजे धोका टळला असं नसतं. क्वचित एवढ्याशा थेंबानेही मोठी रिॲक्शन येते. डॉक्टर करत असतील तर करू द्या. मात्र तिच्या भरवशावर पुढचा अर्धा तास मोकळे सुटू नका.

टोचताना डोळे उघडे

आता ट्रेकडे बघा. नवी सिरिंज आणि नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघायला हवी. सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्याला वापरणं म्हणजे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला आवतण. देणाऱ्याने हात धुतले का, व्हायलचं रबर स्पिरिटने पुसून वाळू दिलं का, हेही बघा.

शिरेतून देण्यासाठी सेफ्ट्रियाक्सोनच्या १ ग्रॅम व्हायलमध्ये साधारण १० मिली निर्जंतुक पाणी घालतात. व्हायल हातात हलकेच फिरवतात आणि पावडरचा एकही कण शिल्लक नाही ना, हे उजेडात धरून बघतात. द्रव फिकट पिवळा, कधी थोडा गडद पिवळा दिसतो. त्याने घाबरू नका, तो त्याचा नेहमीचा रंग आहे. गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर मात्र ती व्हायल वापरायची नाही.

मग ते शिरेत सावकाश, दोन ते चार मिनिटं घेऊन जायला हवं. डोस मोठा असेल तर छोट्या सलाइनमधून अर्ध्या तासात. घाईघाईत दाबलेलं इंजेक्शन शिरेला जाळतं. व्हँकोमायसिन असेल तर निदान एक तास. तेच जोरात सोडलं तर मान आणि चेहरा लालभडक होऊन खाज सुटते, रक्तदाब खाली येतो. "सिस्टर, जरा थेंब वाढवा ना, घरी जायचंय," म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

सेफ्ट्रियाक्सोन रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत घालायचं नाही, त्याच नळीतून एकाच वेळी सोडायचंही नाही, कारण त्या सलाइनमध्ये कॅल्शियम असतं. मोठ्या माणसांत एकापाठोपाठ द्यायचं झालं तर मध्ये नळी साध्या सलाइनने नीट धुऊन घेतात. अमिकासिन आणि 'सेफ' घराण्यातलं औषध एकाच सिरिंजमध्ये भरत नाहीत. दोन्ही एकत्र आली की एकमेकांचा जोर मारतात.

स्नायूत द्यायचं असेल तर सेफ्ट्रियाक्सोन फार दुखतं, म्हणून ते लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. हे लिग्नोकेनचं मिश्रण चुकूनही शिरेत जाता कामा नये. म्हणून देणाऱ्याला मोठ्याने विचारा: "हे कंबरेतलं ना?" कंबरेत म्हणजे कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात किंवा बाजूला. मधोमध किंवा खाली टोचलं तर पायाकडे जाणारी मोठी नस दुखावते आणि पाय लुळा पडू शकतो. लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात.

सांध्यांच्या तापानंतर (रुमॅटिक फीव्हर) हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन देतात. ते दुधासारखं पांढरं, घट्ट असतं आणि फक्त स्नायूत देतात. शिरेत गेलं तर जिवावर बेततं. दुखतं म्हणून मुलं रडतात आणि आई-बाप तारीख चुकवतात. तसं होऊ देऊ नका. त्या सुईवर त्या मुलाचं हृदय टिकून असतं.

नंतरचा अर्धा तास

डोस झाल्यावर अर्धा तास हलायचं नाही. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहालाही नाही. तळहात-तळपाय खाजणं, गांधी उठणं, ओठ किंवा जीभ जड वाटणं, आवाज बसणं, छातीत घरघर, पोटात कळ येऊन उलटी, "कसंतरीच होतंय" म्हणत घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा नुसता श्वास कोंडायला लागला, तर लगेच आरडाओरडा करा. औषध चालू असेल तर ते बंद करायला लावा. पेशंटला आडवं करा, पाय वर उचला. श्वास लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका, पाणी पाजू नका.

उपचार म्हणजे ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिली, मुलांना वजनाप्रमाणे कमी, आणि फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे अजूनही आधी एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टिरॉइड) देऊन बघण्याची सवय दिसते. ती मागाहूनची औषधं. त्यांच्या नादात पहिली पाच-दहा मिनिटं गेली तर तीच महागात पडतात. घरी असं झालं तर देणाऱ्याने ॲड्रेनालिन द्यायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. पेशंट सावरला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

एकदा रिॲक्शन आली की औषधाचं नाव मोठ्या अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ती १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवताही येते. पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात.

हातातली सुई घरी आली तर

हाताला लावलेल्या व्हेनफ्लॉनसह (औषध द्यायला शिरेत बसवलेली बारीक नळी) घरी सोडलं असेल, तर ती कधी लावली ती तारीख पट्टीवर लिहून घ्या. साधारण तीन-चार दिवसांत ती बदलतात. शिरेच्या बाजूने लाल रेघ, दुखणं, सूज, गरमपणा किंवा औषध आत जाताना आग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी काढायची. अंघोळीला वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. भांडी, धुणं, दळण दुसऱ्या कुणालातरी करू द्या. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांना तर मी साफ सांगते: व्हेनफ्लॉन हातात असेपर्यंत बागेत पाऊल ठेवायचं नाही. ऑक्टोबर छाटणीला कात्रीने बोट कापलं, त्यातून हात सुजला, म्हणून तर इंजेक्शनं लागली. त्यात परत माती आणि फवारणी नको. अशा जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, तेही एकदा विचारा.

वेळ पाळा. बारा तासांनी म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा म्हणजे बारा तास नव्हेत. एखादा डोस चुकला तर पुढच्याला दुप्पट देत नाहीत, डॉक्टरांना फोन करतात.

दोन-तीन दिवस झाले की डॉक्टरांना पुन्हा भेटणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच लोक सर्वांत जास्त टाळतात. कल्चर रिपोर्ट तोवर हातात येतो. त्यावर औषधांच्या नावांपुढे सेन्सिटिव्ह (लागू पडणारं) किंवा रेझिस्टंट (जंतू न जुमानणारं) लिहिलेलं असतं. चालू औषध रेझिस्टंट निघालं तर ते बदलावं लागतं. साधंसं औषध सेन्सिटिव्ह असेल आणि पेशंट खाऊ-पिऊ लागला असेल, तर "आता गोळीवर येता येईल का?" हे तुम्हीच विचारा. जितक्या लवकर सुई निघेल तितकं चांगलं. मात्र ताप उतरला म्हणून स्वतःहून बंद करू नका.

त्या दिवसांत पातळ पाण्यासारखे जुलाब, शौचातून रक्त, लघवी कमी होणं, कानात शिट्टी, तोल जाणं, पिवळे डोळे किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं दिसलं तर त्याच दिवशी कळवा. सेफ्ट्रियाक्सोनमुळे पित्ताशयात गाळ साचू शकतो, तो बहुतेक वेळा औषध थांबल्यावर जातो. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आणि हे खास आपल्या गावासाठी. सेफोपेराझोन चालू असताना दारू घेतली तर चेहरा तापतो, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात. शेवटच्या डोसनंतरही निदान तीन दिवस ती बंद. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं नाशिकमध्ये मानणारे पुष्कळ भेटतात. इंजेक्शन तसं मानत नाही.

शेवटी कचरा

वापरलेली सुई टोपण लावून ठेवायच्या भानगडीत पडू नका. टोपण लावतानाच बऱ्याचदा ती बोटात घुसते. जाड प्लॅस्टिकचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्या आणि सुई तशीच त्यात टाका. पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा. घरी येणाऱ्या सिस्टरलाच तो डबा परत न्यायला सांगा, नाहीतर ज्या दवाखान्याने इंजेक्शनं लिहिली तिथे नेऊन द्या. त्यांच्याकडे अशा कचऱ्याची गाडी येते. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. घंटागाडीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत त्या गेल्या तर पिशवी उचलणाऱ्याच्या तळहातात घुसतात.

एखादी व्हायल उरली, कारण डॉक्टरांनी मध्येच गोळी सुरू केली, तर ती फ्रिजच्या दारात 'पुढच्या वेळेला' म्हणून ठेवू नका आणि शेजाऱ्यांच्या मुलालाही देऊ नका. सील शाबूत असेल तर बिलासकट मेडिकलमध्ये विचारून बघा, बरेच जण परत घेतात. फोडून कालवलेली असेल तर ती दवाखान्याच्या कचऱ्यातच.